गाडीतला चेहरा घरी येतो तेव्हा

प्रश्न : मी उंब्रजला राहते आणि साताऱ्यातील एका कार्यालयात लिपिक आहे. गेली सात वर्षे रोज अप-डाऊन करते. सकाळी कराडहून येणारी गाडी उंब्रजला पोहोचते तेव्हाच भरलेली असते, त्यामुळे बहुतेक दिवस साताऱ्यापर्यंत उभेच राहावे लागते. संध्याकाळी साताऱ्याच्या स्टँडवर जागेसाठी जी झटापट चालते ती आता माझ्याच्याने होत नाही. पण गर्दीपेक्षाही मला त्रास होतो तो गाडीतल्या चेहऱ्यांचा. सगळे जण मर्तिकाला निघाल्यासारखे बसलेले असतात. कोणी कोणाकडे पाहत नाही, हसत नाही, आणि जराशी पिशवी लागली तरी वसकन अंगावर येतात. मी स्वभावाने बोलकी, पण आता मीही तशीच झाले आहे. घरी पोहोचल्यावर तासभर कोणाशी बोलावेसे वाटत नाही. परवा माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारले, "आई, तू अजून गाडीतच आहेस का?" त्या रात्री मला झोप लागली नाही. मिस्टर म्हणतात, स्कूटर घे, नाहीतर नोकरी सोड. लोक असे का वागतात, मी अशी का झाले आणि आता काय करावे, हे कृपया सांगा.
– एक वाचक, उंब्रज

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुलीने विचारलेला प्रश्न हा तुमच्या पत्रातील सर्वांत नेमका प्रश्न आहे आणि त्यात झोप उडावी असे काही नाही. "आई, तू बदललीस" किंवा "तू सारखी चिडतेस" असे तिने म्हटलेले नाही. तुम्ही घरात आला आहात, पण अजून पोहोचला नाहीत, एवढेच तिला दिसले आणि तेवढेच ती बोलली. नऊ वर्षांची मुलगी आईकडे इतक्या बारकाईने पाहते, याचा अर्थ ती दिवसभर तुमची वाट पाहत असते. तिच्या प्रश्नाकडे मी शेवटी येणार आहे. त्याआधी गाडीतल्या चेहऱ्यांविषयी बोलले पाहिजे, कारण त्या चेहऱ्यांचा तुम्ही लावलेला अर्थ मला बरोबर वाटत नाही.

मी स्वतः अकरा वर्षे कोरेगाव-सातारा असे अप-डाऊन केले आहे. अंतर तुमच्यापेक्षा कमी होते, पण गर्दी तशीच होती आणि चेहरेही तसेच होते. त्या वर्षांत सकाळच्या गाडीत मला कोणी पाहिले असते, तर या बाईच्या घरी काहीतरी वाईट घडले असावे, असेच त्याला वाटले असते. घरी काहीही घडलेले नव्हते. डबा वेळेत झालेला असायचा, मुले शाळेत गेलेली असायची, नोकरीही आवडीची होती. तरीही गाडीची पायरी चढताक्षणी चेहऱ्यावरचे सगळे पुसले जायचे आणि साताऱ्याला उतरून चार पावले चालल्यावर ते हळूहळू परत यायचे. म्हणून या विषयावर मी लांबून बोलत नाही.

आपल्याकडे गावच्या रस्त्याने चालताना समोरून अनोळखी माणूस आला, तरी "कुठल्या गावचं म्हणायचं?" असे विचारल्याशिवाय पुढे जाण्याची रीत नाही. तीच माणसे सकाळच्या गाडीत एकमेकांकडे ढुंकूनही पाहत नाहीत, हे तुम्हाला खटकते. पण रस्त्यावर दोघांमध्ये चार हात अंतर असते आणि ते बोलण्याने कमी करायचे असते. गाडीत अंतर म्हणून काही उरलेलेच नसते. कोणाचे कोपर बरगडीला टेकलेले, कोणाच्या डब्याची पिशवी गुडघ्यात रुतलेली, कोणाचा श्वास मानेवर येत असलेला. सख्ख्या भावालाही आपण इतके जवळ उभे करत नाही. अशा वेळी समोरच्यापासून दूर जाण्याचा एकच मार्ग माणसाकडे उरतो, तो म्हणजे नजर काढून घेणे. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली या वागण्याला एक नाव दिले, त्याला मराठीत 'सभ्य दुर्लक्ष' म्हणता येईल. तुम्ही येथे आहात हे मला दिसले आहे, पण तुमच्या खासगीपणात मी डोकावणार नाही, असे न बोलता दिलेले ते आश्वासन असते. पाठीला पाठ लागलेली असताना कोणी टक लावून पाहिले किंवा उगाच हसले, तर ते आपल्यालाच आवडत नाही, हे बायकांना तर वेगळे सांगायला नको.

म्हणजे ज्याला तुम्ही मर्तिकाचा चेहरा म्हणता, तो बहुतेक वेळा नुसता लावून घेतलेला दरवाजा असतो. दरवाजा बंद आहे म्हणून आत शोकच चालू असेल असे नाही. आत कोणी मुलाच्या फीचा हिशेब मांडत असेल, कोणी उशीर झाल्याबद्दल साहेबांना काय सांगायचे ते जुळवत असेल, कोणी नुसतेच पेंगत असेल. आणि पिशवी लागली की जो वसकन ओरडतो, तो तुमच्यावर चिडलेला नसतो. त्याच्याकडे स्वतःची म्हणून उरलेली वीतभर जागा कोणीतरी ओलांडली, एवढेच त्याच्या अंगाला कळलेले असते. पडताळा पाहायचा असेल, तर एखाद्या रजेच्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास याच मार्गावरच्या साध्या गाडीत बसा. काशीळला कोणी भुईमुगाच्या शेंगांचे गाठोडे घेऊन चढते, अतीतला कोणाची तरी सोयरीक निघते आणि नागठाणे येईपर्यंत मागच्या बाकावरून पुढच्या बाकावर बोलणे सुरू झालेले असते. सकाळच्या गाडीतलीच ही माणसे असतात, किंवा त्यांचे भाऊबंद.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. तुमच्या गावापासून पाल जवळ आहे. पौष महिन्यात खंडोबा आणि म्हाळसा यांच्या लग्नाची यात्रा भरते तेव्हा तारळी नदीच्या दोन्ही काठांवर पाय ठेवायला जागा नसते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिले असेल. यात्रेच्या गाडीत तुमच्या सकाळच्या गाडीपेक्षाही जास्त माणसे कोंबलेली असतात. भंडाऱ्याने माखलेला अनोळखी माणूस गचका बसून अंगावर येतो, कपडे पिवळे होतात, लहान मुले दोघातिघांच्या मांड्यांवरून पलीकडे पोहोचवली जातात, आणि तरीही कोणाचा चेहरा उतरलेला नसतो. "यळकोट यळकोट जय मल्हार" म्हटले की सगळी गाडी एका सुरात साथ देते. गर्दी तीच, शरीरे तीच, धक्के तर अधिकच. मात्र यात्रेच्या गर्दीत माणूस स्वतःच्या मनाने शिरलेला असतो आणि त्या गर्दीकडून त्याला काही हवे असते. सकाळच्या गाडीत तो नाइलाजाने उभा असतो. नुसत्या गर्दीने माणूस मलूल होत नाही, ज्या गर्दीत आपले काहीच चालत नाही ती गर्दी त्याला मलूल करते, असे माझे मत आहे आणि माझा पुढचा सगळा सल्ला त्यावरच उभा आहे.

हे केवळ माझे मत आहे असेही नाही. स्वीडनमध्ये उल्फ लुंडबर्ग या मानसशास्त्रज्ञाने स्टॉकहोमला रेल्वेने कामावर जाणाऱ्या प्रवाशांचा अभ्यास केला, तो १९७६ साली प्रसिद्ध झाला. ताण आला की शरीरात अ‍ॅड्रिनलिन वाढते आणि ते लघवीच्या नमुन्यातून मोजता येते. काही प्रवासी पहिल्याच स्थानकावर चढत होते आणि त्यांचा प्रवास लांबचा होता. काही जण अर्ध्या वाटेवर चढत होते आणि त्यांचा प्रवास त्या मानाने थोडक्यात आटोपत होता. लांबून येणारे अधिक थकत असतील, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात अर्ध्या वाटेवर चढणाऱ्यांच्या शरीरावर ताण अधिक आढळला. पहिल्या स्थानकावर चढणाऱ्याला रिकामा डबा मिळत होता, कोठे बसायचे, कोणाशेजारी बसायचे, सामान कोठे ठेवायचे हे तो ठरवू शकत होता. मध्येच चढणाऱ्याच्या वाट्याला इतरांच्या निवडीनंतर जे उरेल ते येत होते.

ताई, उंब्रज हे तुमच्या मार्गावरचे तसे अर्ध्या वाटेवरचे स्थानक आहे. कराडला चढणारा माणूस तुमच्यापेक्षा अधिक किलोमीटर जातो, पण तो खिडकी निवडून बसतो. तुम्ही सात वर्षे दुसऱ्यांनी भरलेल्या गाडीत चढत आहात. "इतर लोकांना चालते, मलाच का झेपत नाही" असे जर मनात येत असेल, तर ते काढून टाका. तुमचा थकवा हा तुमच्या स्वभावातला दोष नाही.

संध्याकाळी साताऱ्याच्या स्टँडवर जे चालते त्याचे मूळही येथेच आहे. गाडी फलाटाला लागायच्या आधीच माणसे तिच्या बरोबरीने पळू लागतात, उघड्या खिडकीतून रुमाल, डब्याची पिशवी, पाण्याची बाटली, वर्तमानपत्राची घडी आत जाते आणि दारातून उतरणारे व चढणारे एकमेकांत अडकतात. एका बाकड्यासाठी शहाणीसुरती माणसे हे करतात, कारण दिवसभरात पहिल्यांदाच काहीतरी आपल्या हाताने ठरवण्याची ती संधी असते. मीही वर्षानुवर्षे रुमाल टाकला आहे. एका पावसाळ्यात मी टाकलेला रुमाल बाजूला सारून एक वयस्क बाई त्या जागेवर बसल्या. मी सगळ्या गाडीसमोर त्यांना नको ते बोलले. त्या काहीही न बोलता उठल्या आणि दांडीला धरून उभ्या राहिल्या. पुढे माहुलीजवळ कृष्णेच्या पुलावर गाडी आली, तेव्हा नेहमीप्रमाणे गाडीतले हात नदीला नमस्कार करण्यासाठी कपाळाशी गेले. त्यांचाही एक हात गेला, दुसऱ्या हाताने त्यांनी दांडी धरलेली होती आणि त्यांच्या ओल्या पदराचे पाणी माझ्या चपलेवर ठिबकत होते. मी भांडून मिळवलेल्या जागेवर बसले होते आणि मला हात वर करता आला नाही. त्यांना परत बसवण्याइतकेही धैर्य मला त्या वेळी झाले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली आणि तुम्हालाही मी तीच सुचवते. संध्याकाळी आठवड्यातून दोन दिवस पहिली गाडी जाणूनबुजून सोडा. साताऱ्याला तुम्ही मूळ स्थानकावर असता, सकाळी कराडच्या माणसाला जो मान मिळतो तो संध्याकाळी तुम्हाला मिळू शकतो. पहिल्या गाडीसाठीची झुंबड निघून गेली की फलाटावर क्षणभर मोकळे होते. तेव्हा पुढच्या गाडीसाठी शांतपणे पुढे उभे राहा, चहा घ्या, घरी फोन करून सांगा की आज अर्धा तास उशीर होईल. आता तुम्ही लवकर घरी पोहोचता आणि त्यानंतर तासभर कोणाशी बोलत नाही. त्याऐवजी अर्धा तास उशिरा, पण खिडकीशी बसून, थोडे डोळे मिटून पोहोचलात, तर मुलीच्या वाट्याला आई अधिक येईल की कमी, हे महिनाभर करून तुम्हीच ठरवा. दोनच दिवस म्हणण्याचे कारण असे की रोज उशीर केला तर घरचा भार दुसऱ्या कोणावर तरी पडतो आणि मग त्याचीही कुरबुर सुरू होते.

सकाळी इतकी मोकळीक नाही, हे मला कळते. तरीही चढल्यावर दाराजवळ थांबू नका. दाराशी उभ्या असलेल्या माणसाला इंदोली फाट्यापासून शेंद्र्यापर्यंत प्रत्येक थांब्यावर चढणाऱ्या-उतरणाऱ्यांचे धक्के सोसावे लागतात आणि कंडक्टरचे "पुढे सरका, पुढे सरका" हेही त्याच्याच कानाशी चालू असते. सरळ आत, मधल्या बाकांपर्यंत जा, खांद्यावरची पर्स पुढे घ्या आणि रोज शक्यतो त्याच जागी उभ्या राहा. रोजची ठरलेली जागा, मग ती उभे राहण्याची का असेना, आपली वाटू लागते. उभ्याने मोबाइल पाहू नका, तोल सांभाळण्यातच अर्धा जीव जातो. शेंद्रे ओलांडले की अजिंक्यतारा दिसू लागतो, तेवढा वेळ तरी नजर गाडीच्या बाहेर राहू द्या.

माणसांविषयी सांगायचे तर, सगळ्या गाडीला हसवण्याची जबाबदारी तुमची नाही. फक्त एका व्यक्तीशी ओळख करा. त्यासाठी एसटीत फार जुनी आणि सोपी रीत आहे : बसलेल्या माणसाने उभ्या माणसाची पिशवी मांडीवर घ्यायची. "द्या ती पिशवी इकडं" या चार शब्दांत कोणाचे खासगीपण मोडत नाही, पण दरवाजा किलकिला होतो. ज्या दिवशी तुम्हाला बसायला मिळेल त्या दिवशी शेजारी उभ्या असलेल्या बाईची पिशवी मागून घ्या, आणि ज्या दिवशी उभे राहावे लागेल त्या दिवशी संकोच न करता आपली पिशवी कोणाला तरी धरायला सांगा. मदत मागणे हेसुद्धा ओळखीचे पहिले पाऊल असते. अमेरिकेत शिकागोमध्ये निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी रोज प्रवास करणाऱ्यांवर प्रयोग केले, ते २०१४ साली प्रसिद्ध झाले. अनोळखी सहप्रवाशाशी बोललो तर प्रवास नकोसा होईल, असा बहुतेकांचा अंदाज होता; प्रत्यक्षात ज्यांना बोलायला सांगितले होते त्यांचा प्रवास गप्प बसलेल्यांपेक्षा अधिक सुखाचा झाला. प्रत्येकाला वाटत होते की आपल्याला बोलायला हरकत नाही, समोरच्यालाच ते नको असेल. आपल्या गाडीतही नेमके हेच चालले असावे, असे मला वाटते. कंडक्टरही यातून सुटलेला नाही. तिकिटाचे मशीन छातीशी धरून त्या गर्दीतून दोन्ही टोके गाठणारा तो एकटाच असतो. सुट्टे पैसे हातात तयार ठेवले आणि तिकीट घेताना एकदा त्याच्याकडे पाहिले, तरी त्याच्या बोलण्यातला फरक दोन-चार दिवसांत ऐकू येतो.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे विचारते. तुमच्या उदासीमागे कोणाचा नकोसा स्पर्श नाही ना? पत्रात तसे काही नाही, पण अनेक बायका हे 'गर्दीचा त्रास' एवढ्याच शब्दांत सांगतात. तसे असेल, तर ते सोसण्याच्या यादीत येत नाही. त्याच क्षणी मोठ्याने बोला, कंडक्टरला सांगा, गाडी थांबवायला लावा, गरज पडली तर ११२ क्रमांकावर फोन करा. शेजारच्या दोन बायकांशी ओळख असली तर अशा वेळी आवाज एकटा पडत नाही, आणि ओळख करून घ्या असे मी म्हणते त्याचे हेही एक कारण आहे.

आता गाडीविषयी. मनाला कितीही समजावले, तरी माणसे जास्त आणि गाड्या कमी ही गोष्ट मनाच्या उपायांनी बदलणार नाही, आणि ती बदलण्यासाठी काही केलेच नाही तर आपण स्वतःलाच दोष देत राहतो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या तिकिटात ५० टक्के सवलत मिळू लागली. पूर्वी माहेरी जाण्यासाठीही पैशांचा विचार करणाऱ्या कितीतरी बायका त्यामुळे एकट्या प्रवास करू लागल्या, ही फार चांगली गोष्ट झाली. "अर्ध्या तिकिटामुळे गर्दी झाली" असे टोमणे गाडीत ऐकू येतात. त्या टोमण्यांनी तुम्ही ओशाळून जाण्याचे काहीही कारण नाही. प्रवासी वाढले तर फेऱ्या वाढवायच्या असतात.

त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि तो नेमका असावा लागतो. "गर्दी फार होते, गाड्या वाढवा" असा अर्ज वाचून कोणताही अधिकारी काही ठरवू शकत नाही. एक साधी वही घ्या. सलग पंधरा कामाच्या दिवसांची नोंद ठेवा : कोणत्या वेळेची गाडी, प्रत्यक्षात किती वाजता आली, थांबली की न थांबता पुढे गेली, चढता न आल्यामुळे उंब्रजला किती माणसे मागे राहिली, त्यांत पासधारक विद्यार्थी किती. हे काम एकटीने करू नका, पिशवी धरणाऱ्या बाईला सोबत घ्या. मग रोजच्या प्रवाशांच्या सह्या, ग्रामपंचायतीचे पत्र आणि शक्य झाल्यास शाळा-महाविद्यालयांचे पत्र जोडून अर्ज आगार व्यवस्थापकांना द्या, त्याची प्रत साताऱ्याच्या विभाग नियंत्रकांना द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. मागणी एकच करा : सकाळच्या त्या वेळेला उंब्रजहून सुटणारी एक साधी गाडी. कराडहून आणखी एक गाडी आली, तरी ती तेथेच भरून येण्याची शक्यता आहे. उंब्रजलाच सुटणारी गाडी मिळाली, तर तुमच्या गावाची आणि मधल्या फाट्यांवरची माणसे पहिल्यांदाच रिकाम्या गाडीत चढतील. अर्ज लगेच मंजूर होईल अशी खात्री मी देत नाही, दोनतीनदा खेटे घालावे लागतील. तरीही वही हातात आली की त्याच गाडीत तुमचे उभे राहणे वेगळे होते. मागे राहिलेली माणसे मोजताना तुम्ही त्यांचे चेहरे पाहू लागता आणि तीही विचारू लागतात, "काय ताई, काय लिहिताय?"

मिस्टरांच्या दोन्ही सूचना काळजीपोटी आलेल्या आहेत, त्यांचा राग मानू नका. स्कूटरला मात्र माझी संमती नाही. शेंद्रे ते कागल या पट्ट्यातील महामार्गाचे सहापदरीकरण, जागोजागी वळवलेली वाहतूक, उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढत जाणारे ट्रॅक्टर आणि हिवाळ्यात संध्याकाळी लवकर पडणारा अंधार, अशा रस्त्याने रोज साताऱ्यापर्यंत दुचाकीवर जाऊन परत येणे म्हणजे उदासीच्या जागी भीती आणणे आहे. वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी जीपविषयीही तेच म्हणेन. तेथे गर्दी कमी नसते आणि जबाबदार माणूस कोणीच नसतो. नोकरीचा निर्णय संध्याकाळी गाडीतून उतरल्यावर कधीही घेऊ नका. रविवारी सकाळी, पोटभर झोप झालेली असताना, स्वतःला विचारा की प्रवास वगळला तर हे काम मला हवे आहे का. उत्तर 'हो' असेल, तर तुम्हाला सोडायची आहे ती नोकरी नाही, त्या नोकरीकडे नेणारी वाट तुम्हाला बदलायची आहे; कामाच्या वेळेत अर्ध्या तासाची सवलत, बदली किंवा शहरात भाड्याचे घर, असे पर्याय मग मोकळ्या मनाने बोलता येतील.

आणखी एक गोष्ट तपासून पाहा. सुट्टीच्या दिवशी तुमचे मन मोकळे असते का? असेल, तर ही प्रवासाची मरगळ आहे आणि वरचे उपाय तिला पुरे पडतील. पण सुट्टीतही काही नकोसे वाटत असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आवडत्या गोष्टींत लक्ष लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल, तर गाडीला दोष देत बसू नका आणि डॉक्टरांना दाखवा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. जगणे नकोसे झाल्याचा विचार एकदा जरी आला, तरी दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी फोन करा.

आता तुमची मुलगी. जुन्या घरांत बाहेरून आलेला माणूस थेट माजघरात जात नसे. चपला बाहेर, पायांवर पाणी, तोंडावर पाण्याचा हबका, ओसरीवर घटकाभर टेकणे आणि मग आत, असा क्रम असे. त्यात स्वच्छता होती, आणि रस्ता अंगावरून उतरायला मिळणारा वेळही होता. तुम्ही स्टँडवरून घरी पोहोचता आणि पर्स खांद्यावर असतानाच गॅस पेटवता, अशी मला शंका आहे. दहा मिनिटे मागून घ्या. सासूबाई असतील तर त्यांना, मिस्टरांना आणि मुलीलाही हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे तुमचे गप्प बसणे कोणाला राग वाटणार नाही. हातपाय धुवा, कपडे बदला, दारात किंवा गच्चीत बसा, त्या दहा मिनिटांत ना मोबाइल ना स्वयंपाक. आणि ही दहा मिनिटे मुलीपासून लपवून घेऊ नका, तिला त्यात सामील करा. तुमच्या परतीच्या वाटेवरचे थांबे तिला पाठ असतीलच : शेंद्रे, बोरगाव, नागठाणे, अतीत, काशीळ, इंदोली, उंब्रज. ती पुन्हा "आई, तू अजून गाडीतच आहेस का?" असे विचारेल, तेव्हा तिला खरे तेच सांगा की आता काशीळला आहे, थोडी थांब. ती घड्याळाकडे बघत बसेल, मध्येच येऊन "आता इंदोली आली का?" असे विचारेल. उंब्रज आले की तिला हाक मारा आणि दिवसभरात शाळेत काय झाले ते आधी तिला सांगू द्या.